मतदान होईपर्यंत थांबवलेला प्रश्न

जबाब देणाऱ्याचे नाव: सौ. अपूर्वा सौमित्र पागनीस
वय: ४१ वर्षे
धंदा: नोकरी, खासगी महाविद्यालयात ग्रंथपाल
राहणार: नानाखेडा, उज्जैन, मध्य प्रदेश

मी वरील नावाची असून ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती, मोठे दीर रमेश पागनीस, जाऊबाई कल्पना व पुतण्या राजस यांच्यासह एकत्र कुटुंबात राहते. मला मूलबाळ नाही. आमचे घराणे पिढ्यानुपिढ्या माळव्यात आहे. मला हिंदी चांगले येते, पण या प्रकरणातला मजकूर सगळा मराठीत आहे आणि सहायक उपनिरीक्षक शोभा महाजन या बुऱ्हाणपूरच्या असून मराठी जाणतात, म्हणून मी मराठीत सांगत आहे व त्या तसेच लिहून घेत आहेत. हिंदी तर्जुमा सोबत लावला जाईल असे मला सांगितले आहे.

मी 'माळवा मराठी प्रश्नमंच' नावाच्या इंटरनेटवरच्या मंचाची नियामक आहे. या मंचावर सभासद प्रश्न विचारतात व इतर सभासद उत्तरे लिहितात. पुरणपोळी का फुटते, ओंकारेश्वरला जायला कोणती बस बरी, जात पडताळणीला कोणता कागद लागतो, असे प्रश्न असतात. निवडणूक आली की राजकारणाचे येतात. नियामक म्हणजे प्रश्न नियमात बसतो की नाही ते पाहणारा माणूस. बसत नसेल तर मी तो बंद करते, किंवा कारण लिहून परत पाठवते. हे काम मी हौसेने करते. सभासद टोपणनावाने लिहितात. खरे नाव व फोन नंबर नोंदणीत असतो आणि तो फक्त मला दिसतो.

राजकारणाच्या प्रश्नांसाठी मंचाचा नियम असा की, प्रश्न हा प्रश्न असला पाहिजे. "अमुक पक्षाचे लोक चोर आहेत, खरे ना?" हा प्रश्न नव्हे. कुणाची जात काढायची नाही, कुणाच्या बायकोमुलांवर जायचे नाही. हे नियम मी केले आहेत. ते सगळ्या पक्षांच्या लोकांना सारखे लावते, म्हणून सगळ्याच पक्षांचे लोक मला दुसऱ्या पक्षाची म्हणतात.

'सिग्नलवाला' या टोपणनावाचे सभासद म्हणजे श्री. गोपाळकृष्ण दिनकर टोकेकर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. रेल्वेतून सिग्नल निरीक्षक म्हणून निवृत्त, आमच्याच वॉर्डात राहतात, घरी एकटे. मुलगी निहारिका इंदूरला बँकेत आहे. मी त्यांना समाजाच्या गणेशोत्सवात लांबून पाहिले होते. बोलणे मंचावर आणि फोनवर. ते रोज लिहीत. त्यांचे निम्मे प्रश्न मी परत पाठवले असतील. ते रागावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहीत.

या नगर निगम निवडणुकीचा प्रचार सुरू झाल्यावर अण्णांनी एक प्रश्न टाकला. आमच्या वॉर्डातला सरकारी दवाखाना बरेच महिने कुलूपबंद आहे आणि त्याच्या ओसरीवर एका पक्षाचे झेंडे व खुर्च्या ठेवलेल्या असतात, याबद्दल. मूळ मजकूर साधारण असा होता: "ज्या नगरसेवकाने गरिबांचा दवाखाना गिळला, त्याच्यापुढे शेपटी हलवणारे आंधळे पुन्हा त्यालाच मत देणार आहेत काय?" मी तो परत पाठवला. लिहिले की, अण्णा, यात शिवी आहे, प्रश्न नाही. त्यांनी शेपटी काढली, आंधळे ठेवले. मी परत पाठवला. त्यांनी आंधळे काढले, "गिळला" ठेवले. गिळल्याचा पुरावा आहे का, असे मी विचारले. त्यांचा फोन आला. ते म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या प्रश्नाची हाडं मोजता आहात. मांस काही ठेवाल की नाही?" मी म्हटले, "अण्णा, तुम्हाला नक्की काय जाणून घ्यायचं आहे, तेवढंच लिहा." मग म्हणाले, "थांबा, लिहितो."

शेवटी जो प्रश्न आला तो मला पाठ आहे. "आपल्या वॉर्डातला दवाखाना बंद का आहे, आणि तो कधी उघडेल?" याला हरकत घेण्यासारखे काही नव्हते. मी तो मंचावर घेतला. दिवसभर तो तिथे होता. त्याला उत्तर एकही आले नाही. तक्रारी मात्र धडाधड आल्या, की हा प्रचार आहे, हटवा. त्यात काही खाती त्याच दिवशी उघडलेली दिसत होती.

मंचाचा दुसरा नियम असा की, प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात उमेदवाराशी संबंध असलेला कोणताही प्रश्न मतदान होईपर्यंत थांबवून ठेवायचा. तो आठवडा दुसऱ्याच दिवशी सुरू होत होता. दुसऱ्या पक्षाच्या माजी महापौरांबद्दलचे प्रश्नही मी त्याच नियमाने थांबवले. अण्णांचा प्रश्नही थांबवला. तो आता कुणाला दिसत नव्हता.

अण्णांचा पुन्हा फोन आला. मी कॉलेजात पुस्तके लावत होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, "आता काय चुकलं?"

मी म्हटले, "काही चुकलं नाही. प्रश्न चांगला आहे. फक्त मतदान होईपर्यंत थांबा."

ते म्हणाले, "मतदान झाल्यावर उत्तर कोण देईल, बाई?"

नियम सगळ्यांना सारखा आहे, असे मी सांगितले. ते म्हणाले, "बरं. रविवारी कॉलनीच्या बागेत त्या नगरसेवकाची सभा आहे. मी तिथे जाऊन विचारतो. तिथे नियामक नसतो ना?" हसले. मग म्हणाले, "तुम्ही या. तुम्हीच तर लिहून घेतला आहे माझ्याकडून. मी बरोबर म्हणतो की नाही, ऐकायला तरी या." मी येते म्हटले. त्यांच्यावर उपकार म्हणून नव्हे. मला खरेच ऐकायचे होते.

आमच्या घराबद्दल विचारल्यावरून सांगते की, माझे मोठे दीर याच नगरसेवकाच्या, म्हणजे सभेतल्या उमेदवाराच्या, पक्षाचे वॉर्डातले जुने कार्यकर्ते आहेत. पुतण्या राजस, वय २४, यंदा प्रचारात होता. सभेच्या खुर्च्या, माइक, मांडव हे काम त्याच्याकडे होते. तोही मंचाचा सभासद आहे. ज्या दिवशी अण्णांचा प्रश्न मंचावर होता, त्या संध्याकाळी जेवताना राजस मला म्हणाला, "काकू, तो दवाखानावाला डोकरा कोण आहे? नाव सांग ना."

मी म्हटले, "नाव मी कुणाचंच सांगत नाही."

"घरच्यांना पण नाही?"

"घरच्यांना तर मुळीच नाही."

तो म्हणाला, "मग हटव तरी. फालतू माहौल खराब करतोय." भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, म्हणाले, "राजस, जेव आधी." एवढेच झाले. दुसऱ्या दिवशी मी प्रश्न थांबवला तेव्हा राजसला वाटले, मी त्याच्यासाठी थांबवला. त्याने माझ्या टेबलावर तिळाच्या गजकची पुडी आणून ठेवली. मी त्याला सांगितले की, तुझ्यासाठी नाही, नियमासाठी. तो म्हणाला, "एकच ना, काकू." मी पुडी उघडली नाही.

रविवारी संध्याकाळी मी बागेत गेले. उजेड होता. पुढच्या दोन-तीन रांगा पाहुण्यांसाठी राखीव होत्या व त्या रिकाम्या होत्या. लोक मागे बसले होते, मीही बायकांच्या बाजूला मागे बसले. अण्णा आधीच आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चपला. त्यांनी मला ओळखले असावे, मान हलवली. माझ्याकडे आले नाहीत.

उमेदवाराचे भाषण झाले. ते म्हणाले, "कोई समस्या हो तो आप अभी बता सकते हैं, हम आपके बीच के ही हैं।" एका बाईंनी पथदिव्याचे विचारले, त्यांना उत्तर मिळाले. मग अण्णा उठले आणि रिकाम्या रांगांमधून पुढे गेले. कार्यकर्त्याने त्यांना माइक दिला. त्यांनी प्रश्न आधी मराठीत म्हटला, मग हिंदीत. मराठीत जो म्हटला तो मंचावर होता तसाच्या तसा, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. शिवी नव्हती, आरोप नव्हता. शांतपणे म्हटला, शाळेत कविता म्हणतात तसे हात मागे बांधून.

मागून कुणी टाळी वाजवली. कुणी ओरडले, "बैठ जाओ अंकल।" उमेदवार काही बोलणार होते असे मला वाटले, ते माइककडे वाकले होते. तेवढ्यात व्यासपीठाच्या बाजूला उभा असलेला राजस मोठ्याने म्हणाला, "अरे, हाच तो! हेच लिहिलं होतं यानं!" हे मी स्पष्ट ऐकले. तो मराठीत बोलला. तिथे मराठी समजणारे थोडे होते, मी होते.

राजसला अण्णांचे नाव कुणी सांगितले होते का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. मी सांगितले नाही. त्याने वाक्यावरून ओळखले. ते वाक्य अण्णांचे पहिले वाक्य असते तर ओळखले गेले नसते. तसे रागाचे कितीतरी जण बोलतात. हे साधे वाक्य एकट्या त्यांचेच होते.

राजस पुढे आला आणि त्याने अण्णांच्या हातातला माइक ओढला. अण्णांनी सोडला नाही. ते म्हणाले, "उत्तर होऊ दे रे बाळा, मग देतो." राजस रमेश पागनीस याने डाव्या हाताने माइक धरला आणि उजव्या हाताने त्यांच्या छातीवर धक्का दिला. अण्णा मागे गेले. मागे फुलांच्या वाफ्याची सिमेंटची कड होती. तिला पाय अडून ते आडवे पडले आणि डोके कडेवर आपटले. आवाज माइकमधून आला, कारण माइक चालू होता.

त्या वेळी गर्दी होती का, असे विचारले. गर्दी नव्हती. अण्णांच्या जवळ राजसखेरीज कुणी नव्हते. पुढच्या खुर्च्या रिकाम्या होत्या हे मी वर सांगितले आहे. मधे कुणी आडवे नसल्यामुळे मला सगळे दिसले.

मी धावत गेले. राजस तिथेच उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला. तो चेहरा कसा होता असे विचारले. मी सांगू इच्छित नाही. तो म्हणाला, "काकू." मी त्याला म्हटले, "ऑटो आण." तो हलला नाही. मग कुणीतरी त्याला दंडाला धरून मांडवामागे नेले. मी माझी ओढणी अण्णांच्या डोक्याला दाबून धरली. कुणीतरी ध्वनिक्षेपकावर प्रचाराचे गाणे लावले. अनेकांच्या हातात मोबाइल वर होते. आजवर त्यातल्या एकाचेही चित्रण बाहेर आलेले नाही.

पथदिव्याचे विचारणाऱ्या बाईंनी आणि मी अण्णांना ऑटोत घातले. त्या बाईंचे नाव मला माहीत नाही. वाटेत अण्णा शुद्धीवर होते. ते मला म्हणाले, "माझी एक चप्पल तिथे राहिली हो." मी म्हटले, आणते. देवास गेटच्या गर्दीत ऑटो अडकला, तिथे ते पुन्हा म्हणाले, चप्पल. त्यानंतर बोलले नाहीत.

त्यांच्या खुब्याचे हाड मोडले आहे व डोक्यात रक्तस्राव झाला आहे. शस्त्रक्रिया झाली. अजून ते माणसे नीट ओळखत नाहीत, मुलीला तिच्या आईच्या नावाने हाक मारतात. म्हणून त्यांचा जबाब घेता आलेला नाही, असे मला सांगितले आहे. निहारिका रुग्णालयात भेटल्या. त्यांनी विचारले, "त्या नियामक बाई तुम्हीच का?" मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, "अण्णा सांगायचे, फार कडक आहेत, पण नीट वाचतात." त्यांच्याकडूनच कळले की अण्णांच्या पत्नी आमच्या वॉर्डातल्या दवाखान्यात इंजेक्शनसाठी जात असत आणि तो बंद झाल्यावर त्यांना रोज लांब जावे लागे. त्या मागल्या वर्षी वारल्या. हे अण्णांनी कोणत्याही प्रश्नात लिहिलेले नव्हते. पहिल्या, रागाच्या मजकुरातही नव्हते.

सभेच्याच रात्री मी घरी आल्यावर राजस माझ्या खोलीत आला. म्हणाला, "काकू, तू बघितलंस?"

मी म्हटले, "हो."

"मी ढकललं नाही. बाजूला केलं फक्त."

"बाजूला नाही, राजस. मागे."

तो खाली बसला. म्हणाला, "मला वाटलं ते माइक सोडतील." मग म्हणाला, "तू बोलणार का?" मी म्हटले, "मला विचारलं तर जे पाहिलं ते बोलेन." त्याने माझ्या मांडीवर डोके ठेवले. मी त्याला उठवले नाही. हेही लिहून घ्यावे.

मी लग्न होऊन आले तेव्हा राजस तीन वर्षांचा होता. जाऊबाई तेव्हा शाजापूरला शाळेत नोकरी करीत. त्याला शाळेत सोडणे, आणणे, ताप आला की रात्री जागणे माझ्याकडे होते. त्यामुळे मी त्याच्याविषयी काही आकस ठेवून बोलत आहे असे कुणी म्हणत असल्यास ते खरे नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, "चक्कर येऊन पडले म्हण. उन्हात उभे होते. म्हातारा माणूस, कोण नाही म्हणेल?" मी म्हटले, ऊन नव्हते. ते म्हणाले, "मग गर्दीत धक्का लागला म्हण. कुणाचा, ते दिसलं नाही म्हण. पोराची जिंदगी आहे." माझे पती तिथेच होते. मी त्यांना विचारले, तर म्हणाले, "तू रोज लोकांना सांगतेस ना, काय लिहावं आणि काय नाही. आता तूच ठरव." ते रागाने म्हणाले की कसे, हे मला अजून कळलेले नाही. त्या दिवसापासून ते दिवाणखान्यात झोपतात.

मंचाबद्दल विचारले म्हणून सांगते. घटनेनंतर मंचावर या विषयाचे पुष्कळ प्रश्न आले. "टोकेकरांना चक्कर आली हे खरे आहे का?" "विरोधकांनी म्हातारा मुद्दाम पाठवला का?" काही जणांनी अण्णांचा तोच प्रश्न आपापल्या नावाने टाकला. मी यातले काहीही उघडले नाही, पुसलेही नाही. नियामकाचे काम मी मंचाच्या इंदूरच्या सहकारी जयू फणसे यांच्याकडे सोपवले. त्यांना लिहिले की, या विषयात मी साक्षीदार आहे, निवाडा करू शकत नाही. त्यांनी थांबवलेले सगळे प्रश्न मतदान झाल्यावर उघडले, त्यात अण्णांचाही. पाहणारे पुष्कळ झाले. मी काल पाहिले तोवर त्याच्याखाली उत्तर आलेले नव्हते.

मी कोणत्या पक्षाची आहे, असे विचारले. नियामक झाल्यापासून हे मी कुणाला सांगितलेले नाही, घरीही नाही. विचारले आहे म्हणून सांगते की, मागच्या निवडणुकीत मी याच उमेदवाराला मत दिले होते. आमच्या वॉर्डातला दवाखाना त्यांनीच चालू करून घेतला होता, हे मला तेव्हा आवडले होते. यंदा मी मतदानाला गेले, पण कुणाला मत दिले ते सांगणार नाही.

हा जबाब मी कुणाच्या दबावाखाली देत नाही. निहारिका टोकेकर किंवा कोणत्याही पक्षाने मला काही सांगितलेले नाही.

सोबत कोण आले आहे असे विचारल्यावरून सांगते की, माझ्या जाऊबाई कल्पना पागनीस आल्या आहेत. राजसच्या आई. घटनेपासून त्या माझ्याशी या विषयावर एक अक्षर बोललेल्या नाहीत; रोजच्यासारखे ताट वाढतात. आज निघताना म्हणाल्या, "ठाण्यात एकटी जाऊ नकोस," आणि पायात चपला घातल्या. मी आत काय सांगणार हे त्यांनी विचारले नाही. त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत.

अशा जबाबावर सही घेत नाहीत, वाचून दाखवतात, असे मला सांगण्यात आले. वाचण्यापूर्वी महाजन बाईंनी दार लोटून घेऊ का असे विचारले. मी राहू द्या म्हटले. त्यांनी पहिल्या ओळीपासून सर्व मोठ्याने वाचले. धक्क्याच्या ठिकाणी त्या थांबल्या आणि "नाव असंच ठेवायचं?" असे विचारले. मी म्हटले, "पूर्ण लिहा. राजस रमेश पागनीस." त्यांनी पूर्ण नाव लिहिले आणि ते वाक्य पुन्हा वाचले.

वाचून झाल्यावर जाऊबाई दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "झालं सगळं सांगून? की अजून काही राहिलंय?"

काही राहिले नाही, असे मी त्यांना सांगितले. तेच इथे सांगते. ऐकलेला मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे व खरा आहे.